पारखीची रेघ

मी एक जुना तराजू आहे. वायर खुपसली की लाल आकडे दाखवणारा तो नवा काटा नव्हे हं, मित्रांनो. मी खरा तराजू. मधे पोलादी दांडी, दोन्ही टोकांना साखळ्या, साखळ्यांना दोन पितळी पारडी आणि मधोमध जिभेएवढा एक काटा. आम्हां तराजूंना तोंड नसतं, तरी मोठमोठे लोक आमचं म्हणणं मुकाट्यानं ऐकून घेतात. आज मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे. बोलेन ते तोलूनमापूनच, कारण दुसरं मला काही येतच नाही.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. त्यानं माझी दांडी तापवली, ठोकली, कानशीनं घासली आणि पुन्हा पुन्हा उन्हात धरून बघितली. मी तयार झाल्यावर त्यानं मला खिळ्याला टांगलं आणि एका रिकाम्या पारड्यावर हलकीशी फुंकर मारली. पारडं खाली झुकलं, वर आलं आणि सरळ उभं राहिलं. "झालं," तो म्हणाला, "हा काही खोटं बोलायचा नाही." एवढंच कौतुक त्यानं केलं, पण ते मला जन्मभर पुरलं.

मला विकत घेतलं एका शिसेवाल्यानं. धातूंच्या बाजारात, अरुंद गल्लीच्या कोपऱ्यावर, पत्र्याच्या छपराखाली त्याचा गाळा होता. समोर तांबं-पितळ, शेजारी जस्त आणि कथील, पुढे लोखंडाचं भंगार. दिवसभर ठणठणाट, आणि हवेत कायम एक राखाडी धूळ. ती धूळ माझ्या पारड्यांवर बसायची, चहाच्या कपांवर बसायची, माणसांच्या भुवयांवर बसायची. तिला कुणी धूळ म्हणतच नसे. "धंद्याची बरकत आहे ती," असं म्हणून लोक कपडे झटकायचे आणि कामाला लागायचे.

शिसं तुम्ही पाहिलं आहे का, मित्रांनो? दिसायला अगदीच मळकट, पण उचलायला जाल तर हात खाली ओढून घेईल इतकं जड. छत शाकारणारे ते न्यायचे, नळ जोडणारे न्यायचे. पण आमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे मासेमारीची जाळी विणणारे. जाळ्याच्या कडेला शिशाचे मणी दाबून बसवतात, म्हणजे जाळं तळाशी जातं. त्यांना शिसं हवं शुद्ध आणि मऊ. जुन्या बॅटऱ्यांतून निघालेल्या शिशात दुसरा कडक धातू मिसळलेला असतो. त्याचे मणी दाबले की तडकतात, पाण्यात गळून पडतात, जाळं तरंगत राहतं आणि मासे खालून खुशाल निघून जातात. मग जाळेवाल्यानं वर्षभर केलेली मेहनत पाण्यात!

म्हणून आमच्या धंद्यात मोल होतं ते पारख करणाऱ्याला. आणि ही पारख व्हायची दातांनी. शिशाच्या ओतीव लगडीची कड ओठांत धरायची आणि हळूच चावायची. शुद्ध शिशात दात लोण्यात रुतल्यासारखा रुततो. भेसळ असली की अडतो. शिसेवाला यात तरबेज होता आणि त्यानं ही विद्या आपल्या एकुलत्या एका लेकीला दिली. तीच आपली मावशी. तिच्याहून वयानं मोठे असलेले लोकही तिला मावशीच म्हणायचे, कारण ज्याची गरज पडते त्याच्याशी नातं जोडायला माणसांना वेळ लागत नाही.

काय सांगू तुम्हाला मावशीचं! शब्दाला पक्की, जिभेला तिखट आणि मनानं एकदम मोकळी. फेरीवाला लगडी घेऊन आला की ती पहिल्यांदा लगडींकडे नुसती बघायची. मग एक उचलायची, डोळे मिटायची आणि चावायची. सगळी गल्ली कामं थांबवून बघत राहायची.

"ही बॅटरीची," ती म्हणायची. "ही मऊ. हिच्यात थोडं कथील पडलंय. आणि ही कुणी दिली रे तुला? ज्यानं दिली त्याला सांग, मावशीचे दात अजून शाबूत आहेत."

फेरीवाला कान पकडायचा. समोरचा तांबेवाला तोंडातला घास तोंडात ठेवून ओरडायचा, "लोक लोखंडाचे चणे खातात म्हणून मिरवतात, आमची मावशी रोज शिशाचे खाते आणि वर चहा पिते!"

सौदा ठरला की आमच्या गल्लीची एक रीत होती. माझ्या पारड्यात मूठभर शेंगदाणे ओतायचे आणि घेणाऱ्या-देणाऱ्यानं त्यातले खायचे. पारड्यातला दाणा खाल्ला की शब्द फिरवायचा नाही. हात धुवायचे वगैरे कुणाच्या डोक्यातही नसायचं. शिसं तोललं त्याच पारड्यात दाणे, आणि त्याच बोटांनी तोंडात. मला तर तेव्हा फार अभिमान वाटायचा, माझ्या ताटात सगळी गल्ली जेवते म्हणून.

आता त्या रेघेचं सांगतो. बरीच वर्षं शिशाला दात लावणाऱ्या माणसाच्या हिरड्यांवर, अगदी दातांच्या मुळाशी, एक निळसर काळी रेघ उमटते. शिसेवाल्याच्या तोंडात ती होती. पुढे मावशीच्या तोंडात आली. गल्ली तिला म्हणायची 'पारखीची रेघ'. रेघ आली म्हणजे विद्या अंगात मुरली, असा सगळ्यांचा समज. नवं गिऱ्हाईक भाव करायला लागलं की मावशी बोटानं ओठ वर करून ती रेघ दाखवायची, आणि गिऱ्हाईक गप्प बसायचं.

शिसेवाल्याचं पुढे काय झालं तेही मी पाहिलं आहे. त्याला पोटात अशी कळ यायची की तो गुडघे छातीशी घेऊन पोत्यांवर पडून राहायचा. मग उजवा हात मनगटापासून लोंबायला लागला. शेवटी शेवटी तर चमचासुद्धा धरवत नव्हता, मावशी भरवायची. "वय झालं," गल्ली म्हणाली. वय कसलं झालं होतं? केस काळे होते त्याचे!

मावशीला एकच मुलगी. शाळा सुटली की ती गाळ्यावर येऊन पोत्यावर बसायची, लगडी पुसायची, आईसारखे डोळे मिटून चावायची. मोठी झाली, लग्न झालं. जावई बस चालवायचा, घर दोन गल्ल्या सोडून होतं, त्यामुळे लेक गाळ्यावर येतच राहिली. तिची पारख आईच्या तोडीस तोड. एकाच गोष्टीनं घराला नजर लागली होती. पहिल्या खेपेला तिचं बाळ पोटातच गेलं. त्या दिवसांत मायलेकी गाळ्यावर शेजारी शेजारी बसायच्या. मावशी नुसती एकच लगड पुसत बसायची, पुसून पुसून चकचकीत करायची.

आणि मग लेकीला पुन्हा दिवस गेले. मावशी इतकी हरखली की तिनं फेरीवाल्याशी भांडायचंही सोडून दिलं. पण तिची स्वतःची तब्येत तेव्हा बरी नव्हती. वजनं हातातून सुटायची. पोटात कळा यायच्या. नावं विसरायची आणि विसरल्याचा राग दुसऱ्यावर काढायची. "आई, तू बस, मी बघते," असं म्हणून लेक दिवसभर गाळा सांभाळायला लागली. तोलणंही तिचंच आणि चावणंही तिचंच.

एका दुपारी तांबेवाल्यानं काहीतरी टवाळी केली आणि लेक तोंडभरून हसली. मावशी एकदम उठली. तिनं लेकीची हनुवटी धरली, ओठ वर केला आणि ओरडलीच, "अगं बाई! रेघ आली! माझ्या लेकीला रेघ आली!"

मित्रांनो, त्या दिवशी आमच्या गाळ्यावर सणासारखी गर्दी झाली. माझी दोन्ही पारडी शेंगदाण्यांनी भरली. सगळ्या गल्लीनं दाणे खाल्ले. "तीन पिढ्यांची पारख!" तांबेवाला म्हणाला. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीनं एक हात पोटावर ठेवला होता आणि दुसऱ्या हातानं ती दाणे खात होती. ते चित्र मला अजून जसंच्या तसं दिसतं, आणि आता त्याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटते.

थोड्याच दिवसांनी लेक एका अनोळखी बाईंना घेऊन गाळ्यावर आली. साध्या कपड्यातल्या, खांद्याला पिशवी, कपाळाला आठी. लेक ज्या दवाखान्यात तपासून घ्यायला जायची तिथल्या त्या डॉक्टरीणबाई. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मावशी, जरा तोंड उघडा बघू," बाई म्हणाल्या.

मावशीनं मोठ्या तोऱ्यात ओठ वर केला. बाईंनी बघितलं आणि त्या शेजारच्या खोक्यावर बसल्याच.

"तुमच्या लेकीच्या हिरड्यांवर हीच रेघ आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून मी तिचं रक्त तपासलं. मावशी, ही विद्येची रेघ नाही. शिसं अंगात भिनतं ना, त्याची ही खूण आहे. विष आहे ते."

"विष?" मावशी उसळली. "बाई, तुम्ही शिकल्यासवरलेल्या, पण हे काहीतरीच! माझ्या बापाच्या तोंडात होती ही रेघ. सगळा बाजार मान द्यायचा त्याला!"

"देत असेल की. मलाही तुमचं कौतुक वाटतं, खरंच सांगते. दातांनी धातू ओळखायचा म्हणजे गंमत नाही." बाईंचा आवाज खाली आला. "त्यांचा हात कसा होता शेवटी?"

मावशीनं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. तो मांडीवर उपडा पडला होता, बोटं खाली लोंबत होती.

बाईंनी मग सगळं समजावून सांगितलं. शिसं चावलं की पोटात जातं. बोटांवरून दाण्यांबरोबर जातं, धूळ होऊन श्वासातून जातं. गेलं की रक्त कमी करतं, नसा कमकुवत करतं आणि हाडांत जाऊन दडून बसतं. बाई गरोदर राहिली की हाडांतलं शिसं पुन्हा रक्तात येतं आणि आईकडून बाळाकडे जातं.

"पहिलं बाळ... यामुळेच गेलं?" मावशीनं विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"ते आता नक्की नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या. "पण या बाळासाठी आजपासून काय करायचं ते नक्की सांगते. हिनं गाळ्यावर यायचं नाही. मी दिलेल्या गोळ्या घ्यायच्या, दूध प्यायचं, पोटभर जेवायचं. आणि शिशाला दात लावणं बंद. दोघींनीही."

लेक म्हणाली, "आई, मी घरी बसते. पण तू चावणार असशील तर मीही चावणार. तू एक चावलीस की मी एक चावणार. मला तू पण हवी आहेस."

"काय बोलतेस हे, पोरी? आणि धंदा? पारख कशानं करू? दातांवरच उभा आहे आपला गाळा!"

"ते मला माहीत नाही," लेक म्हणाली. आईची लेक ती, हट्टात कशी कमी पडेल?

गल्लीत ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार! तांबेवाला म्हणाला, "डॉक्टरांना काय, ते हवेलाही विष म्हणतील. माझा आजा याच धुळीत म्हातारा झाला." पण त्या दिवशी त्यानं दाणे तोंडात टाकण्याआधी ते चांगले चार वेळा फुंकले, हे मी पाहिलं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. फेरीवाले लगडी आणायचे, मावशी त्या हातात घ्यायची, वजन करायची आणि खाली ठेवायची. एकदा म्हातारा जाळेवाला आला. सबंध जन्म आमच्याकडूनच शिसं नेलेला माणूस. "मावशी, मोसम आलाय. मोठं जाळं ओवायचंय. तू सांगशील ती लगड नेतो."

मावशीनं लगड उचलली. सवयच ती! कड ओठांपर्यंत गेली. तिनं डोळे मिटले. माझ्या दांडीत जीव असता तर ती तिथेच मोडली असती. गाळ्यावर कुणी नव्हतं, लेक घरी होती. चावलं असतं तरी तिला कुठून कळणार होतं? पण मावशीनं ती लगड हळूच माझ्या पारड्यात ठेवून दिली.

"आज नाही सांगता येणार," ती म्हणाली. "खात्री नसताना दिली आणि तुमचं जाळं तरंगलं तर मला घास गिळवणार नाही."

जाळेवाला मान हलवत निघून गेला. पाठोपाठ गल्लीत कुजबुज सुरू झाली, मावशी संपली म्हणून. मी तोलला आहे तो सगळा माल एका बाजूला ठेवा आणि मावशीनं न चावता परत ठेवलेली ती एक लगड दुसऱ्या बाजूला ठेवा. कुठलं पारडं खाली जाईल ते मी तुम्हाला सांगायला नको.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं होतं. धूळ झटकायची नाही, उडते. सगळं ओलं करून पुसायचं, पारडी पाण्यात धुवायची, आणि ते पाणीही रस्त्यावर ओतून द्यायचं नाही. गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वेगळा बंद डब्यात ठेवायचा. म्हणून मावशीनं दोन घमेली आणली आणि दुकान आवरताना मला अंघोळ घालायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत मला प्रथमच पाणी लागत होतं. खरं सांगू? मला आवडलं.

आता ऐका. वाऱ्यानं माझी पारडी आपटू नयेत म्हणून मावशी बंद करताना दोन्हींत सारख्या वजनाची एकेक लगड ठेवायची. त्या संध्याकाळी त्या अंघोळीआधीच ठेवून झाल्या होत्या. डावीकडे तिच्या वडिलांच्या वेळची शुद्ध, मऊ लगड होती आणि उजवीकडे बॅटरीची कडक. मावशीचा हात इतका दुखत होता की लगडी काढून ठेवायचं त्राणच तिच्यात नव्हतं. "राहू दे मेलं," असं पुटपुटून तिनं माझी टांगायची साखळी तशीच सैल सोडली. दोन्ही पारडी लगडींसकट दोन घमेल्यांत बुडाली.

आणि मी झुकलो!

मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली. हवेत दोन्ही लगडी बरोबरीच्या होत्या, काटा मधोमध होता. पाण्यात जाताच डावं पारडं खाली आणि उजवं वर! आयुष्यात कधी खोटं बोललो नाही आणि म्हातारपणी हे काय हात दाखवून अवलक्षण!

मावशीही चमकली. तिनं साखळी ओढून मला वर घेतलं. मी सरळ. पुन्हा खाली सोडलं. पुन्हा उजवं वर. तिनं लगडींची अदलाबदल केली. आता डावं वर! ती तशीच ओल्या हातांनी खोक्यावर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"कडक शिसं मऊ शिशापेक्षा अंगानं मोठं," ती स्वतःशीच म्हणाली. "वजन तेवढंच, पण जागा जास्त खातं. म्हणून पाणी त्याला जास्त उचलून धरतं. होय ना रे?"

मी काय बोलणार! पण काटा हलत होता, त्यालाच तिनं होकार समजला असावा. मग ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. माझ्या पारड्याला कपाळ टेकवून म्हणाली, "इतकी वर्षं तू इथेच टांगलेला होतास, आणि आम्ही दात झिजवत बसलो!"

ते ऐकून मला वाईटही वाटलं आणि छाती असती तर ती फुगलीही असती.

दुसऱ्या दिवशी मावशीनं जाळेवाल्याला निरोप धाडला. तो आला, त्याच्यामागे गल्ली आली. तांबेवाला सगळ्यांच्या पुढे, कमरेवर हात ठेवून. "काय मावशी, दातांना सुट्टी आणि पाण्याला नोकरी?"

"तुम्ही बघा तर खरं, तांबेवाले. आणि हात मागे ठेवा, पाण्यात बुचकळू नका."

एका पारड्यात तिनं वडिलांची लगड ठेवली, दुसऱ्यात फेरीवाल्याची नवी. हवेत दोन्हींची वजनं जुळवून तिनं मला सरळ केलं. मग साखळी सोडली. पाण्यात मी हललो, थांबलो, आणि नवी लगड हळूच वर आली.

"कडक," मावशी म्हणाली.

फेरीवाल्यानं तोंड वाकडं केलं. "पाण्याचं काय ऐकता? काल मीच चावून बघितली, मऊ आहे."

मावशीनं छिन्नीनं त्या लगडीचा एक तुकडा काढून जाळेवाल्याच्या हातमोज्यावर ठेवला. जाळेवाल्यानं तो पकडीत धरून दाबला, मणी बसवतात तसा. कट्! तुकडा मधोमध तडकला. मावशीनं दुसरी लगड लावली. ती पाण्यात वडिलांच्या लगडीशी बरोबरीनं राहिली. तिचा तुकडा दाबला तर मेणासारखा वळला.

मग तांबेवाल्यानं मावशीला वाकून नमस्कार केला, अगदी मनापासून. "मावशी, तू दात लावून पारखी होतीस," तो म्हणाला, "आता तर दात न लावता झालीस. हे काही सगळ्यांना जमायचं नाही." पुढच्या आठवड्यात तो गुपचूप दवाखान्यात जाऊन रक्त तपासून आला. गुपचूप म्हणजे आमच्या गल्लीपुरतं, म्हणजे सगळ्यांना माहीत.

हळूहळू आमची गल्ली बदलली. दाणे आता कागदाच्या पुडीत येतात आणि गल्लीच्या तोंडाशी नळ आहे तिथे हात धुतल्याशिवाय कुणाला मिळत नाहीत. शब्द मात्र पूर्वीइतकाच पक्का. गाळ्यावरचे कपडे गाळ्यावरच खुंटीला राहतात, घरी जाताना मावशी दुसरे घालते. शिसं वितळवताना तोंडाला फडकं गुंडाळून भागायचं नाही असं बाईंनी बजावलं, म्हणून मावशीनं वितळवणंच बंद केलं. नुसत्या लगडी विकते. तिचा हात औषधांनी बराच सुधारला. पूर्ण नाही. जड वजन अजून डाव्या हातानंच उचलते.

आणि बाळ? थांबा, तेच सांगतो आहे. जशी वाट मी पाहिली तशी कुणी पाहिली नसेल. एक दिवस मावशी सकाळी आलीच नाही. दुपार झाली तरी नाही. तांबेवाला चार वेळा रस्त्यापर्यंत जाऊन आला. मग ती आली, धावत, चपला हातात घेऊन, आणि कोपऱ्यावरूनच ओरडली, "मुलगी! बारीक आहे, पण रडते अशी की ऐकत राहावं!"

डॉक्टरीणबाई अजूनही त्या पोरीचं रक्त मधूनमधून तपासतात आणि आता त्यांच्या कपाळावरची आठी गेली आहे. पोर गाळ्यावर कधी येत नाही, तसा नियमच आहे. पण परवा लेक तिला घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली. मला खुंटीवरून तिथपर्यंत दिसतं. मावशीनं कपडे बदलले, नळावर कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, नखं घासली, चूळ भरली. तोवर पोर दोन्ही हात पसरून ओरडत होती. "थांब गं बाई, थांब," मावशी म्हणत होती, "आजीला आधी माणसात येऊ दे!" मग तिनं नातीला घेतलं. पोरीनं आजीचं स्वच्छ बोट पकडलं, तोंडात घातलं आणि नव्या दोन दातांनी कचकन चावलं.

"आई गं! पारख करते का माझी?" मावशी ओरडली. "सांग बघू, मऊ की कडक?"

सगळी गल्ली हसली. पोरही हसली. तिच्या हिरड्या गुलाबी होत्या. मावशी त्या हिरड्यांकडे बघत राहिली, पुष्कळ वेळ.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी बॅटऱ्यांच्या, रंगाच्या, भंगाराच्या कामाला जात असेल. ते आपल्या हातांनी जगाची कामं करतात, त्यांचं कौतुक जरूर करा. पण ते दारात आले की लगेच गळ्यात पडू नका. आधी साबण आणि पाणी द्या, कपडे बदलू द्या, मग काय मिठ्या मारायच्या त्या मारा. ज्या कामानं घर चालतं, ते काम घरात शिरता कामा नये. मी साधा तराजू. एवढंच मला तोलता येतं.

आणि कधी आमच्या गल्लीत आलात तर मावशीला म्हणा, रेघ दाखव. ती दाखवेल. ती आता फिकट झाली आहे, पण आहे. पूर्वी ती दाखवून मावशी गिऱ्हाईकाला गप्प बसवायची. आता बोटानं ओठ वर करते आणि म्हणते, "नीट बघून घ्या. आमच्या घरातली ही शेवटची."